मनमिळाऊ आणि गृहकृत्यदक्ष

माझ्या मुलीने मला साक्षीदार व्हायला सांगितलं तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. शनिवारची सकाळ होती. नवरा रुवैसच्या रिफायनरीत नोकरी करतो, तो आदल्या संध्याकाळी घरी आला होता आणि आठवडाभराची झोप अबूधाबीच्या खलिफा सिटीतल्या आमच्या सोफ्यावर वसूल करत होता. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकचा फोल्डर. वीस वर्षांची मुलगी सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला आंघोळ करून, फोल्डर घेऊन आईसमोर उभी राहते, म्हणजे बातमी मोठी असणार. माझ्या डोक्यात आधी कुणीतरी मुलगा आला. कुठला, कोणाचा, मांसमच्छी खातो का, इतकं सगळं मोहरी तडतडेपर्यंत मी मनातल्या मनात विचारूनही घेतलं.

"आई, आय थिंक आय अ‍ॅम ऑटिस्टिक," ती म्हणाली. "आय हॅव थर्टी-वन रीझन्स. अँड आय नीड अ विटनेस."

कढीपत्ता जळाला.

"साक्षीदार? मी? तुझ्याविरुद्ध?"

"नॉट अगेन्स्ट. फॉर." एवढं बोलून तिने ओट्यावरची कोरडी जागा शोधली आणि फोल्डर तिथे ठेवला. आम्ही मराठीत विचारायचं आणि मुलांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही इथल्या सगळ्याच मराठी घरांची रीत आहे. त्यामुळे इतकी मोठी गोष्टही मला अर्धी अनुवादित होऊनच कळली.

प्रकरण आदल्या सेमिस्टरला सुरू झालं होतं. ती आर्किटेक्चर शिकते. त्यांच्यात ज्युरी नावाचा प्रकार असतो: आपली ड्रॉइंग्ज भिंतीवर लावायची, तीन परीक्षकांसमोर उभं राहायचं आणि ते विचारतील त्याची उत्तरं द्यायची. हिची ड्रॉइंग्ज उत्तम होती. पण तिघं एकाच वेळी बोलू लागले. त्यातला एक म्हणाला, "वॉक मी थ्रू युअर बिल्डिंग." ही म्हणाली, "बिल्डिंग अजून बांधलेली नाही." सगळा वर्ग हसला. हिने पेन्सिली गोळा केल्या, दार उघडलं आणि थेट बसस्टॉप गाठला. त्या विषयात ती नापास झाली. आता सात आठवड्यांनी पुन्हा ज्युरी होती, आणि तीही गेली तर वर्ष जाणार होतं. वर्ष गेलं तर कॉलेज सोडणार, हे तिने मला त्याच सुरात सांगितलं ज्या सुरात ती दूध संपल्याचं सांगते. तिचा हा सूर मी ओळखते. त्यात धमकी नसते, निर्णय असतो.

कॉलेजचं म्हणणं साधं होतं. तज्ज्ञाचा रिपोर्ट आणा. प्रश्न आधी लेखी देऊ आणि एका वेळी एकच परीक्षक बसवू. रिपोर्ट नसेल तर नियम सगळ्यांना सारखे. मुलीने स्वतःच क्लिनिक शोधलं, अपॉइंटमेंटही घेतली. मात्र मोठ्या वयात ही तपासणी करायची तर लहानपण डोळ्यांनी पाहिलेलं माणूस लागतं. म्हणून मी.

नवऱ्याने पोहे खाता खाता तिची एकतीस कारणं मोठ्याने वाचली. "'ठरलेली जागा बदलली की दिवस बिघडतो.' अगं, पार्किंगवरून मी परवाच वॉचमनशी भांडलो की! 'रोज तेच जेवण चालतं.' रुवैसला मी दुसरं काय करतो? खलास, मग मलाही न्या तपासायला."

"येस बाबा, वी नो," मुलगी म्हणाली. ती गंमत करत होती की नाही, हे ओळखायला मी वीस वर्षांत शिकलेले नाही. फी ऐकल्यावर मात्र नवऱ्याने सवयीप्रमाणे मनात दिरहमचे रुपये केले, आणि दुसऱ्यांदा पोहे घेतले नाहीत.

क्लिनिककडून आठ पानांचा फॉर्म आला. पालकांनी भरायचा. मी एका बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागात आहे. फॉर्म भरण्यात माझा हातखंडा. माझा कागद कुठल्या खात्याने परत पाठवलाय असं आजवर झालेलं नाही. मी चहाचा कप घेऊन बसले आणि तासाभरात आठही पानं हातावेगळी केली.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. मुलीची माहिती लिहा म्हटलं की मराठी आईच्या हाताला एकच वळण असतं. स्वभाव कसा? मनमिळाऊ. हे इंग्रजीत कसं लिहायचं यावर मी पाच मिनिटं घालवली आणि 'मिक्सेस विथ एव्हरीवन' असं लिहिलं. घरात वागणं? गृहकृत्यदक्ष. वास्तविक ही मुलगी चहासुद्धा थर्मामीटर बुडवून करते, आणि ब्याऐंशी अंशांच्या वर गेला तर ओतून देते. मित्रमैत्रिणी? भरपूर. हा आकडा मी माझ्या भिशीतल्या मैत्रिणींची मुलं मोजून काढला होता. छंद? कथ्थक. ती जेमतेम तीन आठवडे गेली होती. तीस मुलींचे घुंगरू एकदम वाजले की कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसायची. बाळपणी काही त्रास? मुळीच नाही, अतिशय शहाणं बाळ. फक्त उंची, वर्ण आणि रास-नक्षत्र तेवढं लिहायचं राहिलं, कारण त्यांनी ते विचारलं नव्हतं.

मानसतज्ज्ञ बाई लेबनॉनच्या होत्या, माझ्याच वयाच्या, केस छान पांढरे ठेवलेल्या. पहिल्या भेटीला मी इस्त्रीचा रेशमी कुर्ता घातला आणि चकल्यांचा डबा नेला. बोलणं इंग्रजीत झालं. मला ते आठवतं मराठीत. त्यांनी विचारलं, लहानपणी इतर मुलांबरोबर कशी खेळायची? मी म्हटलं, अगदी छान, कधी भांडण म्हणून नाही. ते खरंच होतं. ती टेबलाखाली गाड्या रंगांप्रमाणे लावत बसायची आणि बाकीची मुलं बाहेर खेळायची. भांडायला समोर कुणी असावं तर लागतं ना. त्यांनी विचारलं, बदल चालायचा? मी म्हटलं, कुठेही ॲडजस्ट होते हो. बाईंनी चकली खाल्ली, कौतुक केलं, आणि माझं प्रत्येक वाक्य वहीत लिहून घेतलं.

मी खोटं बोलत होते असं मला त्या क्षणी वाटलंच नाही. साक्ष 'फॉर' द्यायची आहे ना? मग चार चांगल्या गोष्टी नको सांगायला? परक्या बाईसमोर आपल्या मुलीत खोट काढायची, हे माझ्या आईने मला शिकवलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. मुलीच्या चाचण्यांत बरंच काही दिसतंय, त्या म्हणाल्या. पण या गोष्टी लहानपणापासून असाव्या लागतात, आणि आईच्या सांगण्यात तसं काहीच नाही. ताणामुळे किंवा काळजीमुळेही एखादीचं असं होऊ शकतं. एवढ्यावर मी रिपोर्टमध्ये ऑटिझम लिहू शकत नाही. मुलगी म्हणाली, "ओके." गाडीत मी उगाच दोनदा एसीबद्दल विचारलं.

संध्याकाळी मी ऑफिसचे मेल बघत होते, तेव्हा माझ्या लॅपटॉपशेजारी तिने माझ्या फॉर्मची प्रत आणून ठेवली. जे जे खरं नव्हतं त्यावर हायलायटर फिरवला होता. पहिलं पान हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं. दुसरंही. 'मित्रमैत्रिणी: भरपूर' याच्यासमोर बारीक अक्षरात एकच शब्द होता: 'हू?'

मला हसू आलं असतं, पण राग आधी आला. "मग काय, तुझं वाईट वाईट लिहायचं होतं का मी?"

"नॉट वाईट," ती म्हणाली. "ट्रू." आणि पुढे, "आई, द गर्ल इन युअर फॉर्म विल पास द ज्युरी. आय वोन्ट."

ती तिच्या खोलीत गेली. मी उठले आणि घासलेला कुकर पुन्हा घासला. रागावलेल्या बाईला काहीतरी घासायला लागतं. घासता घासता राग कुणावर आहे ते कळतं. तो मुलीवर नव्हता.

कारण मला सगळं माहीत होतं. ऑटिझम हा शब्द माहीत नव्हता असंही नाही. तो माहीत होता आणि मी त्याच्या वाटेला जात नव्हते. बाकी सगळी व्यवस्था मात्र चोख ठेवली होती. खरेदी विभागातल्या बाईला व्यवस्था जमते. तिच्या प्रत्येक नव्या कपड्याचं मानेजवळचं लेबल मी ती शाळेत असताना उसवून टाकायचे. कुणाकडे जेवायला जायचं असलं की आधी फोन करून कुकरच्या शिट्ट्या आमच्या येण्याआधी उरकायला सांगायचे. वर कारण माझ्या डोकेदुखीचं. खलिफा सिटीतल्या मराठी मंडळींत माझी अर्धशिशी प्रसिद्ध आहे. मला आयुष्यात कधी अर्धशिशी झालेली नाही. वर्गशिक्षिकेला मी दरवर्षी गोड बोलून सांगायचे, वेळापत्रक बदललं तर आदल्या दिवशी मला एक मेसेज टाका. आणि हे सगळं करून मी लोकांना सांगायचे, आमच्या मुलीचा काहीच त्रास नाही हो.

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकला फोन लावला, स्पीकरवर. मला पुन्हा एकदा बाईंशी बोलायचं आहे, म्हटलं. रिसेप्शनवरचा माणूस म्हणाला, "इन्शाल्ला, थर्सडे."

"इज दॅट अ येस?" माझ्या मागून मुलीने विचारलं.

तो हसला. "येस, येस, हबीबी. थर्सडे, फोर ओ'क्लॉक." तिने ते कॅलेंडरवर लिहिलं, तेव्हा कुठे तिचे खांदे खाली आले.

या वेळी चकल्या नेल्या नाहीत. मुलगी बाहेर बसली. मी बाईंना म्हटलं, मागच्या वेळी मी तुम्हाला लग्नाचा बायोडेटा दिला. आज खरी मुलगी कशी आहे ते सांगते. त्यांना बायोडेटा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. त्यांच्याकडेही असलं काहीतरी असतंच, म्हणाल्या, फक्त ते लिहून देत नाहीत, मावशा तोंडी सांगतात.

मग मी सांगत गेले. लेबलं, शिट्ट्या, टेबलाखालच्या गाड्या, घुंगरू. सांगता सांगता एक जुना किस्सा आला. तो मी पंधरा वर्षं पार्ट्यांमध्ये रंगवून सांगत आले होते, म्हणून इथेही हसतहसतच सुरू केला. ती पाच वर्षांची होती. माझी एक मैत्रीण दुपारी घरी आली होती. तिने हिच्याबरोबर कागदाची घरं बनवली, आणि निघताना दारात म्हणाली, "येते हं." आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत, ते अशुभ. जाणारा माणूस 'येते' म्हणतो. मैत्रीण गेली. थोड्या वेळाने बघते तर ही दाराजवळ चपलांच्या शेजारी मांडी घालून बसलेली, मांडीवर कागदाचं अर्धं घर. काय करतेस? मावशी येते म्हणाली. संध्याकाळ झाली, जेवणाची वेळ झाली, उठायला तयार नाही. शेवटी रडून रडून तिथेच झोपली. पार्टीत या वाक्याला लोक खूप हसायचे.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे निघताना तुम्ही येते म्हणता?"

"हो."

"आणि त्याचा अर्थ जाते?"

"हो."

"हे सगळ्यांना कळतं?"

"लहान पोरांनासुद्धा. कुणाला शिकवावं लागत नाही," मी म्हटलं, आणि तोंडातून वाक्य बाहेर पडल्यावर मला ते ऐकू आलं.

"पुढे काय केलंत?" त्यांनी विचारलं.

पुढे मी काय केलं होतं? ते मी पार्टीत कधी सांगितलं नव्हतं. तसं आणखी दोनदा झालं, तेव्हा मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाराबाहेरच गाठून सांगायला लागले, निघताना 'येते' म्हणू नका, 'बाय' म्हणा. कारण सांगितलं नाही. लोकांना वाटलं, अबूधाबीत व्हिला मिळाला आणि बाई इंग्रज झाल्या. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांनीही विमानतळावर जाताना नातीला तोंड वाकडं करून "बाय" म्हटलं होतं, आणि वर्षभर माझ्याशी फोनवर तुटक बोलल्या होत्या. मी बोलणी खाल्ली, पण कारण सांगितलं नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एका शब्दासाठी तुम्ही घराची भाषा बदललीत," त्या म्हणाल्या. "आणि फॉर्मवर लिहिलंत, काही त्रास नाही."

मला एकदम भरून आलं. मी त्यांच्या टेबलावरचे टिश्यू घेतले आणि अर्धशिशी आहे म्हणून सांगितलं. सवय जात नाही.

बारा दिवसांनी, ज्युरीला तीन आठवडे असताना, ईमेलवर रिपोर्ट आला. चौदा पानं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: ऑटिझम स्पेक्ट्रम. मी ऑफिसातून लवकर निघाले, आता मुलगी रडेल, तिला जवळ घ्यावं लागेल, अशी सगळी तयारी करून. घरी येऊन बघते तर तिने रिपोर्ट न वाचताच कॉलेजला पाठवून दिला होता आणि ती शांतपणे टोस्ट खात होती. कॉलेजचं उत्तर येईपर्यंत वाचून काय उपयोग, असं तिचं म्हणणं. ते दोन दिवसांनी आलं: प्रश्न आठवडाभर आधी लेखी मिळतील, परीक्षक एका वेळी एकच, आणि मध्ये बाहेर जाऊन परत यायची मुभा. तिने रुवैसला बाबाला तीन शब्दांचा मेसेज केला. बाबाने उलट नाचणाऱ्या माणसांची सतरा चित्रं पाठवली. मग ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.

मी समोर भेंडी चिरत होते. चौथ्या पानावर ती थांबली. ते पान मी पाहिलं होतं. वर लिहिलं होतं, 'आईने दिलेली माहिती'.

"आई, कपड्यांची लेबलं तू काढायचीस?"

"हो."

"मला वाटायचं आपल्या दुकानातले कपडे तसेच येतात." ती मराठीत बोलत होती. मी सुरी खाली ठेवली. "आणि ते कुकरचं? तुझं डोकं दुखतच नाही?"

"नाही."

तिने ते पान पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, एकेका ओळीवर बोट ठेवून. मग म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं. मला वाटायचं, मला एकटीलाच माहीत आहे. मी तुझ्यापासून लपवत होते. तुला वाईट वाटेल म्हणून. खूप दमायला होतं त्याने."

इतकी वर्षं आम्ही दोघी एकाच गोष्टीवर पांघरूण घालत होतो, आणि तेही एकमेकींपासून. भिशीच्या बायकांना फसवण्यात मला काही वाटलं नव्हतं. ही बाहेरून आली की दार लावून तासभर अंधारात पडून राहायची, तेव्हा मी तिला अभ्यासू म्हणायचे.

"मग मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं. त्यात राग नव्हता, तिला खरंच कारण हवं होतं.

"मला वाटलं, बोलून दाखवलं की ते खरं होईल."

तिने विचार केला. "पण आई, ते खरंच होतं."

मी रडायला लागले. ती माझ्याकडे नीट बघत होती, भिंतीवरचं ड्रॉइंग बघावं तशी. "हे वाईट वाटण्याचं रडणं आहे का? मला कळत नाही. मी काय करायचं ते सांग."

एरवी मी म्हटलं असतं, काही नाही गं, तू जा अभ्यासाला. "वाईट वाटण्याचं आहे," मी म्हणाले. "तू एकटीने सगळं काढलंस म्हणून. माझ्या शेजारी बस. बोलू नकोस."

ती उठली, खुर्ची माझ्या बाजूला आणली, मध्ये वीतभर अंतर ठेवून बसली. "किती वेळ?"

"दहा मिनिटं."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. मी डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. भेंडी तशीच पडली होती. दहा मिनिटं झाली, ते आम्हा दोघींनाही दिसलं. ती उठली नाही.